हिरव्या खुणेनंतरचा हिशेब

ग्राहकाच्या स्क्रीनवर ‘पेमेंट यशस्वी’ असं उमटतं, त्या क्षणी विकणाऱ्याच्या खात्यात दमडीही आलेली नसते. कार्ड देणाऱ्या बँकेने तेवढी रक्कम ग्राहकाच्या शिलकीतून किंवा मर्यादेतून बाजूला ठेवली आणि ‘हो, देऊ’ असा निरोप पाठवला, एवढंच घडलेलं असतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑनलाइन पैसे घेण्याची सोय उभी करायचं काम माझ्याकडे आलं. ते करताना जे जे अडलं आणि जे जे उलगडलं, त्या सगळ्याचं मूळ याच गोष्टीत होतं. होकार आणि पैसे यांच्यामध्ये बरेच दिवस असतात, बरेच हात असतात, आणि त्या मधल्या काळाचा हिशेब कुणीतरी नीट ठेवावा लागतो.

आमची कंपनी छोटी आहे. शिकवण्या घेणारे, दुरुस्तीची कामं करणारे, छायाचित्रकार, अशा एकट्याने किंवा चारदोन माणसांच्या जोरावर धंदा चालवणाऱ्यांसाठी आम्ही भेटीच्या वेळा आणि बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवतो. त्यामुळे आमच्यासमोर एकदम दोन प्रश्न होते. या व्यावसायिकांनी आम्हाला द्यायची वर्गणी हा एक. त्यांच्या ग्राहकांनी त्यांना द्यायचे पैसे, जे आमच्या बिलावरच्या बटणातून जाणार होते, हा दुसरा. पहिल्यात आम्ही विक्रेते होतो, दुसऱ्यात नुसती वाट करून देणारे. दोन्हींसाठी एकच गेटवे (पैशाची विनंती बँकांपर्यंत पोचवणारी सेवा) वापरता येतो, म्हणून दोन्ही एकच काम आहे असं वाटू शकतं. पण जबाबदारी पूर्ण वेगळी आहे, आणि ती कागदावर वेगळी मांडल्याशिवाय आम्ही कोडची एकही ओळ लिहिली नाही. त्या निर्णयाचं मला आजही समाधान आहे.

वाटा तीन होत्या. बँकेकडे स्वतःचं व्यापारी खातं उघडून गेटवे वेगळा घ्यायचा, ही पहिली. दुसरी म्हणजे, ज्याच्या छत्राखाली असंख्य लहान विक्रेते एकत्र येतात अशा पेमेंट कंपनीकडे जायचं. तिथे खातं लवकर मिळतं, पण नियम आणि दर त्यांचे. तिसऱ्या वाटेला धंद्यात ‘मर्चंट ऑफ रेकॉर्ड’ म्हणतात. त्यात कागदोपत्री विक्रेता ती मधली कंपनीच असते. ग्राहकाला बिल ती देते, विक्रीवरचा कर ती भरते, तक्रारही तिच्याच नावावर येते, आणि आपण तिला पुरवठा करणारे ठरतो. अनेक देशांत एकदम सॉफ्टवेअर विकणाऱ्या दोनतीन माणसांच्या कंपनीला मी अजूनही तिसरी वाट सुचवते. तिथे कमिशन जास्त जातं, पण प्रत्येक देशाची करनोंदणी सांभाळण्याचा ताप वाचतो. आम्ही मात्र दुसरी वाट घेतली, कारण आमच्या व्यावसायिकांचे पैसे थेट त्यांच्याच नावाने जायला हवे होते.

दुसऱ्यांचे पैसे आपल्या खात्यात घेऊन मग वाटायचे नाहीत, हे आम्ही सुरुवातीलाच ठरवलं. तांत्रिकदृष्ट्या ते सगळ्यांत सोपं असतं. सगळं एका खात्यात जमा करायचं, आठवड्याच्या शेवटी ज्याचं त्याला पाठवायचं. पण दुसऱ्याचा पैसा थोडा वेळही स्वतःकडे ठेवणं हा बहुतेक देशांत परवान्याचा विषय आहे. त्याहून मोठं कारण म्हणजे, उद्या आमची कंपनी अडचणीत आली तर एखाद्या शिकवणीवाल्या बाईंची महिन्याची कमाई आम्ही ज्यांचं देणं लागतो त्यांच्या रांगेत अडकली असती. म्हणून पेमेंट कंपनीकडे प्रत्येक व्यावसायिकाचं स्वतंत्र उपखातं उघडायचं आणि व्यवहार होतानाच आमचं कमिशन वेगळं काढायचं, अशी रचना घेतली. पैसा आमच्या हातातून जातच नाही.

मग अर्ज. त्यातले प्रश्न पाहून आधी वाटतं की यांना एवढ्या चौकशा कशाला हव्यात. काय विकता, सरासरी बिल किती, पैसे घेतल्यापासून सेवा देईपर्यंत किती दिवस जातात, परताव्याचं धोरण काय, वर्षाची वर्गणी आगाऊ घेता का. व्यवसायाला चार आकडी वर्गवारी क्रमांकही लागतो. तयार सॉफ्टवेअर विकणाऱ्या दुकानांसाठी ५७३४, डिजिटल स्वरूपात ॲप विकणाऱ्यांसाठी ५८१७, प्रोग्रॅमिंगची सेवा देणाऱ्यांसाठी ७३७२. नुसता क्रमांक बदलला तरी शुल्क आणि जोखमीचं मोजमाप बदलू शकतं, म्हणून तो घाईने भरू नये.

चौकशीमागचं कारण समजलं तेव्हा माझी चीड गेली. विक्रेत्याच्या बाजूची बँक त्याला पैसे देते, पण ग्राहकाला ते परत मागण्याचा हक्क पुढे कित्येक दिवस असतो. मधल्या काळात विक्रेता गायब झाला किंवा बुडाला, तर ग्राहकाची भरपाई त्या बँकेला स्वतःच्या खिशातून करावी लागते. म्हणजे आपलं व्यापारी खातं हे बँकेच्या नजरेत आपल्याला दिलेलं एक प्रकारचं कर्जच असतं. वर्षभराची वर्गणी आज घेतली आणि सेवा अजून अकरा महिने द्यायची असली, तर जोखीम त्या अकरा महिन्यांची असते. काही विक्रेत्यांच्या रकमेतून ठरावीक टक्के काही महिने राखून ठेवतात ते यासाठीच. हे कळल्यावर आम्ही अर्जात मोघम वर्णन न करता खरी आकडेवारी दिली. वार्षिक आणि मासिक वर्गणीचं प्रमाण, रद्द केल्यास उरलेल्या महिन्यांचं काय करतो, सगळं स्पष्ट लिहिलं. पुढची प्रश्नोत्तरं त्यामुळे फार थोडी झाली.

आमच्या व्यावसायिकांची ओळखपडताळणी हा भाग मात्र सगळ्यांत जड गेला, आणि त्यात कोडचा काही संबंध नव्हता. धंद्याच्या नोंदणीवर एक नाव, बँक खात्यावर दुसरं, पाटीवर तिसरं. एकट्याने काम करणाऱ्या माणसाला ‘कंपनीचा प्रकार’ विचारला की तो गोंधळतो. कागदपत्राचा फोटो अंधुक आला की यंत्र तो नाकारतं आणि कारण म्हणून एक सांकेतिक शब्द परत पाठवतं. आम्ही त्या प्रत्येक शब्दासाठी साध्या भाषेतलं एकेक वाक्य लिहिलं: कागदावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळत नाही, नोंदणीवर जसं आहे तसंच इथे भरा. पहिल्या काही व्यावसायिकांबरोबर मी स्वतः फोनवर बसून अर्ज भरला आणि ते कुठे थबकतात ते टिपून घेतलं. या कामाला विकासाच्या वेळापत्रकात सहसा जागाच दिलेली नसते, आणि माझ्या मते लहान व्यावसायिक ऑनलाइन पेमेंटकडे पाठ फिरवतो तो इथेच.

कार्डाच्या माहितीबाबत आमचा नियम कडक होता: कार्डाचा क्रमांक आमच्या सर्व्हरला शिवताच कामा नये. कार्ड स्वीकारणाऱ्या सगळ्यांना पीसीआय डीएसएस ही सुरक्षेची नियमावली लागू असते. तिची पहिली आवृत्ती २००४ च्या डिसेंबरमध्ये आली. ती सांभाळणारी परिषद २००६ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस, डिस्कव्हर, जेसीबी, मास्टरकार्ड आणि व्हिसा या पाच कंपन्यांनी मिळून स्थापन केली. नियमावलीत मुख्य कलमं बारा, पण पोटकलमांचा पसारा मोठा. क्रमांक भरण्याची चौकट पेमेंट कंपनीच्या सर्व्हरवरून थेट ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये येत असेल आणि आपल्याला फक्त एक टोकन, म्हणजे त्या क्रमांकाऐवजी वापरायची सांकेतिक खूण, परत मिळत असेल, तर लागू होणारी प्रश्नावली खूप लहान होते. टोकन चोरीला गेलं तरी चोराला ते दुसरीकडे वापरता येत नाही. कार्डामागचा तीन आकडी सुरक्षा क्रमांक तर व्यवहाराला मंजुरी मिळाल्यावर कुणीही साठवायचा नसतो, कुलूपबंद सांकेतिक रूपातही नाही.

पण नियम सर्व्हरला समजतात, माणसं त्यांच्या सोयीने वागतात. एका व्यावसायिकाने आम्हाला सहज विचारलं, की ग्राहक फोनवर कार्डाचा क्रमांक सांगतो, तो मी भेटीच्या नोंदीत लिहून ठेवला तर चालेल ना? म्हणजे आम्ही समोरचं दार बंद केलं तरी ‘टीप’ नावाची खिडकी उघडीच होती. त्यावर आम्ही त्या रकान्यात एक तपासणी बसवली. कार्ड क्रमांकाचा शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून काढलेला असतो. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांना या पद्धतीचं पेटंट १९६० मध्ये मिळालं होतं. उजवीकडून प्रत्येक दुसरा आकडा दुप्पट करायचा, तो नवाच्या वर गेला तर त्यातून नऊ वजा करायचे, आणि सगळ्यांची बेरीज दहाने भागली जाते का ते पाहायचं. एखादा आकडा चुकला तर ही युक्ती तो नक्की पकडते. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरीही पकडते, फक्त शून्य आणि नऊ यांची अदलाबदल तिच्या नजरेतून सुटते. मात्र कुठलीही लांबलचक संख्या घेतली तरी दहात एकदा ती या कसोटीला उतरतेच, त्यामुळे फोन नंबर किंवा बिल क्रमांकही अडकू शकतात. म्हणून लांबी आणि सुरुवातीचे आकडेही पाहावे लागले: व्हिसाचा क्रमांक ४ ने सुरू होतो, मास्टरकार्डचा ५१ ते ५५ किंवा २२२१ ते २७२० या पट्ट्यात. तिन्ही कसोट्या जुळल्या की रकाना जतन होत नाही, आणि ‘ग्राहकाला पेमेंटची लिंक पाठवा’ असं बटण समोर येतं. नुसतं ‘मनाई आहे’ म्हणून भागत नाही. त्या माणसाला पैसे घ्यायचेच असतात, त्याला सुरक्षित रस्ता तिथल्या तिथे द्यावा लागतो.

प्रत्यक्ष व्यवहाराच्या कोडमध्ये सगळ्यांत जास्त विचार खाल्ला तो ‘माहीत नाही’ या उत्तराने. पेमेंटची उत्तरं दोन असतात, हो किंवा नाही, असं आपण धरून चालतो. पण विनंती पाठवली आणि जाळं तुटलं, तर तिसरी स्थिती येते. विनंती पोचली का, पोचून पैसे अडकले का, आपल्याला काहीच ठाऊक नसतं. ‘खात्यातून पैसे गेले पण ऑर्डर दिसत नाही’ ही तक्रार इथे जन्मते. कार्डांच्या दुनियेतले निरोप ज्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बांधलेले असतात ते आयएसओ ८५८३ पहिल्यांदा १९८७ मध्ये प्रसिद्ध झालं. मंजुरीची विनंती ०१००, तिचं उत्तर ०११०, आणि आधीची विनंती मागे घेण्यासाठी वेगळा निरोप ०४००. हा तिसरा प्रकार मुद्दाम ठेवलेला पाहून मला धीर आला. उत्तर हरवणारच, हे गृहीत धरूनच ही व्यवस्था बांधलेली आहे.

आमच्या बाजूने उपाय असा केला. ग्राहकाने बटण दाबण्याआधीच त्या प्रयत्नाला एक अनन्य ओळखक्रमांक द्यायचा आणि तो आपल्या नोंदवहीत लिहून ठेवायचा. विनंतीबरोबर तोच क्रमांक पाठवायचा. उत्तर आलं नाही तर त्याच क्रमांकाने पुन्हा विचारायचं. पेमेंट कंपनीला तो क्रमांक आधी मिळाला असेल तर ती नवा व्यवहार न करता जुनंच उत्तर परत देते. क्रमांक बटण दाबल्यावर, प्रत्येक प्रयत्नाला नवा तयार केला तर ही सगळी यंत्रणा फुकट जाते, कारण मग प्रत्येक पुनर्प्रयत्न नवा व्यवहार ठरतो आणि ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जातात. स्क्रीनवरही आम्ही तिसऱ्या स्थितीसाठी वेगळं वाक्य ठेवलं: ‘बँकेकडून खात्री व्हायची आहे, पुन्हा पैसे भरू नका, आम्ही कळवतो.’ याची चाचणी घेताना विनंती गेल्यानंतर आणि उत्तर येण्याआधी जोडणी मुद्दाम तोडून पाहिली, कधी आमच्या बाजूने, कधी डेटाबेसच्या बाजूने. असं तोडून पाहिल्याशिवाय पेमेंटचं कोड लोकांसमोर ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

पेमेंट कंपनी नंतर स्वतःहून पाठवते ते निरोप, म्हणजे वेबहूक, हाही याच कुळातला विषय. तोच निरोप दोनदा येऊ शकतो. ‘परतावा झाला’ हा निरोप ‘पैसे मिळाले’च्या आधी येऊ शकतो. कुणी खोटा निरोपही पाठवू शकतं. म्हणून आधी निरोपावरची डिजिटल सही तपासायची, मग निरोप जसाच्या तसा साठवून लगेच पोच द्यायची, आणि प्रक्रिया मागाहून, आपल्या वेळेने करायची. निरोपातल्या मजकुरावर विसंबण्याऐवजी आम्ही त्या व्यवहाराची ताजी स्थिती पेमेंट कंपनीला पुन्हा विचारून घेतो. काम थोडं वाढतं, पण क्रमाची काळजी उरत नाही.

रक्कम साठवण्याबद्दल थोडक्यात. दशांश अपूर्णांकात ठेवू नका. संगणकाच्या नेहमीच्या द्विमान पद्धतीत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. चलनाच्या सगळ्यांत लहान एककात पूर्णांक ठेवा, आणि शेजारी चलनाचं नाव. ते लहान एकक शंभरावा भागच असेल असंही नाही. जपानी येनला व्यवहारात दशांश नाहीत आणि कुवेती दिनारला तीन आहेत.

आता ज्या भागाबद्दल मला सगळ्यांत जास्त सांगावंसं वाटतं तो, ताळमेळ. आमचे हिशेब पाहणाऱ्या ताईंनी पहिल्याच बैठकीत एकच मागणी केली. “बँकेत जी रक्कम येईल, ती कोणकोणत्या व्यवहारांची मिळून झाली ते मला एका नजरेत दिसलं पाहिजे. नाहीतर तुमची सोय माझ्यासाठी गैरसोय आहे.” मी म्हटलं, “ताई, पेमेंट कंपनीच्या पानावर अहवाल मिळतो की.” त्या म्हणाल्या, “त्यांचा अहवाल त्यांच्या बाजूचा. आपली वही आपल्या बाजूची. दोन्ही जुळतात का, हे कोण बघणार?”

त्यांचं म्हणणं किती खरं आहे ते एका उदाहरणात दिसतं. समजा, एका दिवशी शंभर शंभरचे दहा व्यवहार झाले. एकूण १०००. त्यातून शुल्क ३० गेलं, मागच्या आठवड्यातल्या एका व्यवहाराचा परतावा १०० वळता झाला, राखीव म्हणून ५० रोखले. बँकेत आले ८२०, तेही दोनतीन दिवसांनी, एकाच ओळीत. आता त्या ८२० कडे पाहून कोणत्या दहा माणसांनी पैसे दिले हे कसं कळणार? आणि जे लोक ८२० हीच विक्री म्हणून लिहून टाकतात त्यांचे सगळेच आकडे बिघडतात. विक्री १०००च आहे. शुल्क हा खर्च आहे, परतावा मागच्या विक्रीतली वजावट आहे, आणि राखीव रक्कम आपलंच येणं आहे.

यासाठी आम्ही सॉफ्टवेअरमध्येच दुहेरी नोंदीची खतावणी बांधली. लुका पाचोली यांनी व्हेनिसमध्ये १४९४ साली छापून प्रसिद्ध केलेली ही जमा-नावे पद्धत पेमेंटच्या कोडला जितकी चपखल बसते, तितकं दुसरं काही बसल्याचं मी पाहिलेलं नाही. ‘पेमेंट कंपनीकडून येणे’ असं एक मधलं खातं काढलं. होकार पक्का झाला की रक्कम त्या खात्याला नावे, विक्रीला जमा. शुल्क कापलं गेलं की ते मधल्या खात्यातून खर्चात. परतावा, राखीव, सगळं तसंच. बँकेत रक्कम आली की मधलं खातं तेवढ्याने कमी. नोंद कधी खोडायची नाही. दुरुस्ती करायची असेल तर उलटी नोंद टाकायची. दररोज रात्री एक प्रोग्रॅम तीन कागद शेजारी ठेवतो: आमची खतावणी, पेमेंट कंपनीचा सेटलमेंट अहवाल (बँकेत पाठवलेल्या रकमांचा तपशील), बँकेचं विवरण. मधल्या खात्यात उरलेली प्रत्येक रक्कम कोणत्या व्यवहारामुळे उरली आहे, ते सकाळी ताईंच्या पडद्यावर असतं.

सुरुवातीला काही फरक पुन्हा पुन्हा दिसत राहिले. तपासलं तर पेमेंट कंपनीचा दिवस यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेने संपत होता आणि आमचा स्थानिक वेळेने. रात्रीचे व्यवहार दोन वेगवेगळ्या तारखांत पडत. महिन्याच्या शेवटच्या दिवशी तर ते दोन वेगवेगळ्या महिन्यांत पडत. प्रत्येक नोंदीवर दोन्ही तारखा ठेवल्यावर ते मिटलं. दुसरा फरक शुल्काचा. ग्राहकाच्या बँकेला जाणारं इंटरचेंज, कार्ड नेटवर्कचं शुल्क आणि मधल्या कंपनीचा नफा असे तीन थर त्यात असतात. एकच सरसकट दर घेतला तर हिशेब सोपा, पण थर दिसत नाहीत. थर वेगळे दाखवणारा दर घेतला तर स्वस्त कार्डाचा फायदा आपल्याला मिळतो, पण प्रत्येक व्यवहाराचं शुल्क वेगळं येतं. उलाढाल थोडी असेल तोवर सरसकट दर बरा, असं मी सांगते. परताव्याबद्दलही व्यावसायिकांना आधीच सांगून ठेवावं लागतं: ग्राहकाला पूर्ण रक्कम परत जाते, पण मूळ व्यवहाराचं शुल्क बहुतेक ठिकाणी विक्रेत्याला परत मिळत नाही. आमच्या परताव्याच्या बटणाशेजारी ते स्पष्ट लिहिलेलं आहे.

चार्जबॅक म्हणजे ग्राहकाने विक्रेत्याला डावलून थेट आपल्या बँकेकडे केलेली तक्रार. रक्कम लगेच विक्रेत्याकडून काढून घेतली जाते, वर वेगळं शुल्क लागतं, आणि बाजू मांडायची संधी नंतर मिळते. व्हिसाच्या नियमांत बऱ्याच प्रकारच्या तक्रारींसाठी १२० दिवसांची मुदत आहे. प्रत्येक तक्रारीला कारणाचा क्रमांक असतो. १०.४ म्हणजे कार्ड समोर नसताना झालेली फसवणूक, १३.१ म्हणजे माल किंवा सेवा मिळालीच नाही. हा क्रमांक आधी वाचायचा, कारण पुरावा त्यालाच लागू पडणारा हवा. सेवा मिळाली नाही अशी तक्रार असेल तर भेटीची नोंद, पाठवलेले निरोप आणि ग्राहकाची उत्तरं लागतात. व्यावसायिकाने स्वतःच्या प्रामाणिकपणाबद्दल लिहिलेल्या लांबलचक पत्राचा तिथे उपयोग होत नाही. आमच्याकडे भेटींची नोंद असतेच, त्यामुळे पुराव्याचा गठ्ठा सॉफ्टवेअरच तयार करून देतं, व्यावसायिक फक्त नजर टाकतो आणि पाठवतो.

एका शिकवणीवाल्या बाईंकडे मात्र लागोपाठ तक्रारी आल्या आणि सगळ्या त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यांच्या पालकांकडून. पालकांना फोन केला तर ते चकित. त्यांच्या कार्डाच्या विवरणावर जे नाव दिसत होतं ते बाईंच्या नोंदणीवरचं कायदेशीर नाव होतं, आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. अनोळखी नाव पाहून पालकांनी बँकेला कळवलं होतं. विवरणावर येणाऱ्या त्या मजकुराला जेमतेम बावीस अक्षरांची जागा असते. तिथे वर्गाचं रोजच्या वापरातलं नाव टाकल्यावर तक्रारी थांबल्या. तेव्हापासून खातं उघडतानाच आम्ही विचारतो, तुमचे ग्राहक तुम्हाला कोणत्या नावाने ओळखतात?

फसवणुकीच्या दाव्यांवर उपाय म्हणजे कार्डधारकाची त्याच्या बँकेकडून पडताळणी, ३-डी सिक्युअर. पडताळणी झाली की फसवणुकीचा भुर्दंड साधारणपणे विक्रेत्याकडून कार्ड देणाऱ्या बँकेकडे सरकतो. जिथे नियमाने ती सक्तीची नाही तिथे आम्ही ती फक्त मोठ्या आणि पहिल्यांदाच होणाऱ्या व्यवहारांना लावतो, कारण एक जादा पायरी वाढली की काही खरे ग्राहकही गळतात. चोरलेली कार्डं चालतात का हे पाहण्यासाठी लहान लहान रकमांचे शेकडो प्रयत्न करणाऱ्या टोळ्यांना ‘जमेल तेवढे द्या’ अशी मोकळी रकमेची पानं फार आवडतात. त्या पानावर एका ठिकाणाहून किती प्रयत्न होऊ द्यायचे यावर मर्यादा हवीच.

वर्गणीच्या बाजूला रोजचा प्रश्न नकाराचा. नकारासोबत कारणाचा दोन आकडी क्रमांक येतो. ५१ म्हणजे शिल्लक नाही, ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली, १४ म्हणजे क्रमांकच चुकीचा, आणि ०५ म्हणजे बँकेचा कारण न देता नकार. ५१ आला तर काही दिवसांनी, पगाराच्या सुमारास पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे. १४ वर पुन्हा पुन्हा ठोठावण्यात काहीच अर्थ नाही. आंधळ्या पुनर्प्रयत्नांवर नेटवर्कही बंधनं घालतात. व्हिसाने एका व्यवहारासाठी ३० दिवसांत १५ पुनर्प्रयत्नांची मर्यादा ठेवली आहे. ग्राहकाला जाणाऱ्या ईमेलचा सूर आम्ही विचारपूर्वक ठरवला. पैसे न भरणाऱ्याला दटावल्यासारखं त्यात काही नाही, कारण बहुतेक वेळा कार्ड फक्त बदललेलं असतं. वर्गणी अडली तरी व्यावसायिकाचं काम काही दिवस चालूच राहतं. भेटी ठरलेल्या असताना त्याचं दुकान बंद पाडणं मला पटणारं नव्हतं आणि कंपनीनेही ते मान्य केलं.

कार्डाऐवजी थेट बँक खात्यातून वर्गणी घेण्याची सोयही काही काळाने दिली. शुल्क कमी, पण तिथे होकार आणखी कच्चा. युरोपातल्या सेपा या सामाईक पेमेंट व्यवस्थेतल्या थेट वसुलीत ग्राहक कारण न देता ८ आठवड्यांपर्यंत पैसे परत घेऊ शकतो, आणि संमतीच दिली नव्हती असं म्हणणं असेल तर १३ महिन्यांपर्यंत. खतावणी आधीच उभी होती म्हणून या सोयीसाठी नवं फारसं काही लिहावं लागलं नाही. मधल्या खात्यात रक्कम जास्त दिवस राहते, एवढाच फरक.

सध्या आम्ही एक पेमेंट कंपनी सोडून दुसरीकडे जात आहोत, दरांसाठी आणि काही देशांतल्या सोयीसाठी. करार करताना आम्ही एक कलम आग्रहाने घालून घेतलं होतं: निघताना साठवलेल्या कार्डांची माहिती नव्या कंपनीला सुरक्षितपणे थेट सोपवायची. ते कलम नसतं तर प्रत्येक ग्राहकाला कार्ड पुन्हा भरायला सांगावं लागलं असतं, आणि त्यातले कित्येक परत आलेच नसते. माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे सांकेतिक रूपात जाते, आम्हाला मिळते ती फक्त जुन्या आणि नव्या टोकनांची जोडयादी. ती लावायचं काम चालू आहे, एका वेळी थोड्या ग्राहकांचं, आणि प्रत्येक गटानंतर नकारांचं प्रमाण वाढलं का ते पाहून पुढे. जुनं खातं मात्र लगेच बंद करता येणार नाही. तिथल्या शेवटच्या व्यवहारावर तक्रार करायची मुदत संपेपर्यंत ते उघडंच ठेवायचं, परताव्यापुरती शिल्लक त्यात सोडायची, आणि रात्रीच्या ताळमेळात आता तीनऐवजी चार कागद लावायचे, असं ताईंनी ठरवून दिलं आहे.